एक पत्ता, अनेक संगणक

काही महिन्यांपूर्वी आम्ही एका माध्यमिक शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापक आम्हांला संगणक कक्ष दाखवायला घेऊन गेले. तेथे गोंधळ चालला होता. एका स्पर्धेसाठी नाव नोंदवण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि वीस संगणकांवर वीस मुले एकाच वेळी अर्ज भरत होती. सात-आठ मुलांचे अर्ज गेले. मग एका मुलाच्या पडद्यावर सूचना उमटली, ‘तुमच्या पत्त्यावरून फार वेळा प्रयत्न झाले आहेत. उद्या पुन्हा या.’ पाठोपाठ उरलेल्या सर्व पडद्यांवर तीच सूचना आली. ज्याच्या पडद्यावर ती प्रथम आली त्या मुलाकडे सगळे पाहू लागले. ‘तू काय दाबलेस?’ असे सरांनीही विचारले. मुलगा रडकुंडीला आला. ‘सर, मी एकदाच दाबले,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

तो खरे बोलत होता. कक्षात वीस संगणक होते, पण बाहेरच्या जगाला ती सारी शाळा एकाच संगणकासारखी दिसत होती. वीस मुलांचे वीस प्रयत्न पलीकडच्या यंत्राने एकाच खात्यावर मांडले होते. असे का होते? ही एकत्र बांधणी कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्यामुळे आपण काय गमावले? या लेखात आपण याचा विचार करू.

पी. पी. क्रमांक

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे आठवत असतील. घरी टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. तोवर अर्जांवर आणि लग्नपत्रिकांवरसुद्धा शेजाऱ्यांचा क्रमांक छापून त्यापुढे पी. पी. लिहिण्याची पद्धत होती. साऱ्या वाड्यात किंवा चाळीत फोन एकच, पण तो दहा बिऱ्हाडांच्या उपयोगी पडे.

या व्यवस्थेत एक गंमत होती. बाहेर फोन करणे सोपे होते. शेजाऱ्यांकडे जायचे, क्रमांक फिरवायचा, बोलायचे. बाहेरून येणारा फोन मात्र आपोआप आपल्यापर्यंत पोहोचत नसे. फोन करणाऱ्याने आपले नाव सांगावे लागे आणि कोणीतरी गॅलरीत येऊन हाक मारावी लागे. म्हणजे क्रमांक एक असला, तरी आतला माणूस ओळखण्यासाठी आणखी एका खुणेची गरज होती.

आज घरोघरी इंटरनेटच्या बाबतीत नेमके हेच घडते. वडिलांचा लॅपटॉप, आईचा आणि मुलीचा मोबाइल, दिवाणखान्यातला दूरदर्शन संच हे सर्व एकाच जोडणीवर चालतात. सेवा देणारी कंपनी जुन्या पद्धतीचा फार तर एक सार्वजनिक पत्ता देते. तरीही आईने मागितलेली पाककृती मुलीच्या मोबाइलवर जात नाही. ती बरोबर आईकडेच येते. राऊटर नावाची ती लहानशी पेटी कोणाला हाक मारायची हे कसे ठरवते?

पाकिटावरचा पत्ता

इंटरनेटवर कोणताही मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. अशा तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात. आपण त्याला मराठीतले पाकीटच म्हणू, कारण कामही तेच आहे. प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी भागावर दोन पत्ते असतात : पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. वाटेतली यंत्रे घेणाऱ्याचा पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलतात आणि उत्तर देणारा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून उत्तर धाडतो.

हे पत्ते कसे असावेत याचे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ पासून इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर ते लागू झाले. त्यानुसार पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक संख्या. बिट म्हणजे शून्य किंवा एक. वाचण्याच्या सोयीसाठी या ३२ बिटांचे आठ-आठचे चार गट करतात आणि प्रत्येक गट दशमान पद्धतीत लिहितात. त्यामुळे प्रत्येक गट ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.५ हा असा एक पत्ता आहे. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते फक्त पुस्तकांतील उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून येथे तो निःशंकपणे वापरता येतो.

असे एकूण पत्ते किती होतील? २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, सुमारे ४२९ कोटी. संख्या मोठी वाटते, पण १९८१ साली जगाची लोकसंख्या सुमारे ४५० कोटी होती. म्हणजे माणशी एक पत्ता तेव्हाही पुरला नसता. त्या वेळी हे कोणाला खटकले नाही, कारण संगणक विद्यापीठांत आणि मोठ्या संस्थांत असे. तो माणसाच्या खिशात जाईल अशी कल्पना त्या नियमांमागे नव्हती.

शिवाय वाटप सढळ हाताने झाले. अमेरिकेतील एमआयटी या एकट्या संस्थेला १८ ने सुरू होणारे सर्व पत्ते, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते मिळाले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ४० लाख पत्ते वापरलेच गेले नाहीत असे संस्थेने २०१७ साली सांगितले आणि त्यांतील मोठा हिस्सा विकायला काढला. एकीकडे ही उधळपट्टी आणि दुसरीकडे उशिरा आलेल्या देशांसाठी चणचण. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तोवर पत्ते संपणार हे जाणकारांना स्पष्ट दिसू लागले होते.

प्रत्येक चाळीत खोली क्रमांक पाच

टंचाईवर दोन उपाय पुढे आले. ते वेगवेगळे सुचवले गेले, पण एकत्र आल्यावर त्यांनी चमत्कार केला.

पहिला उपाय असा. गिरगावातल्या प्रत्येक चाळीत खोली क्रमांक पाच असतेच. त्याने घोटाळा होत नाही, कारण तो क्रमांक चाळीच्या आतच वापरायचा असतो. त्याच धर्तीवर काही पत्ते ‘खासगी’ ठरवले गेले. ते कोणीही, कोणाला न विचारता, आपल्या आवारात वापरावे. मात्र ते आवाराबाहेरच्या पाकिटांवर दिसता कामा नयेत. बाहेरची यंत्रे अशी पाकिटे पुढे नेणार नाहीत. मार्च १९९४ मध्ये हे सुचवले गेले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याचे आजचे रूप पक्के झाले. खासगी पत्त्यांचे तीन गट आहेत. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६ पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते. आपल्या घरातल्या मोबाइलचा पत्ता पाहिला तर तो बहुधा यांपैकीच एका गटातला निघेल. तोच पत्ता नागपुरात, पणजीत आणि टोकियोतही लाखो घरांत त्याच क्षणी वापरात असेल.

पण मग अडचण येते. खोली क्रमांक पाचने पत्र पाठवले आणि पाठवणाऱ्याच्या जागी फक्त ‘खोली क्रमांक पाच’ असे लिहिले, तर उत्तर येणार कोठे?

दुसरा उपाय याच प्रश्नाचे उत्तर देतो. मे १९९४ मध्ये शेल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. आवाराच्या वेशीवरच्या यंत्राने बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा आतला पत्ता खोडून तेथे बाहेरचा पत्ता लिहावा आणि उत्तर आले की उलट बदल करावा, अशी त्यांची सूचना होती. या पत्तेबदलाचे इंग्रजी नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन आणि त्याच्या आद्याक्षरांवरून नॅट. त्यांनी मांडलेला विचार साधा होता. एखाद्या संस्थेत हजार संगणक असले, तरी एका वेळी त्यांतले थोडेच बाहेर बोलत असतात, म्हणून थोडे सार्वजनिक पत्ते पाळीपाळीने वापरता येतील. पत्ते अगदी एकच असेल तर काय करायचे, याचे उत्तर पत्त्याच्या शेजारी असलेल्या दुसऱ्या एका संख्येत दडलेले होते.

वही कशी चालते

ती संख्या म्हणजे पोर्ट क्रमांक. एकाच संगणकावर एका वेळी अनेक कामे चालतात. ई-पत्र येत असते, वेबचे पान उघडत असते, गाणे वाजत असते. आलेले पाकीट यांपैकी कोणत्या कामाचे, हे कळावे म्हणून पाकिटावर पत्त्याबरोबर हा १६ बिटांचा क्रमांक लिहिण्याची पद्धत पहिल्यापासून होती. तो ० ते ६५,५३५ यांच्या दरम्यान असतो. सुरक्षित वेबपाने देणारा सर्व्हर ४४३ या क्रमांकावर वाट पाहतो. विचारणारा संगणक आपल्या बाजूसाठी एखादा मोठा क्रमांक तात्पुरता निवडतो. पी. पी. फोनवर बोलणाऱ्याने सांगितलेल्या नावाचे काम हाच क्रमांक करू शकतो. संगणकाच्या आतली कामे ओळखण्यासाठी ठेवलेली खूण आता घरातले संगणक ओळखण्यासाठीही वापरायची, हीच ती युक्ती.

एक उदाहरण घेऊ. घराचा सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.५ आहे. आईचा मोबाइल १९२.१६८.१.१० आणि मुलीचा १९२.१६८.१.११. दोघींनी एकाच क्षणी १९८.५१.१००.२० या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे पान मागितले आणि योगायोगाने दोन्ही मोबाइलनी आपल्या बाजूला ५१००० हाच पोर्ट निवडला. राऊटरजवळ एक वही असते. वही म्हणजे त्याच्या स्मृतीतला एक तक्ता. त्यात तो दोन ओळी लिहितो.

पहिली ओळ : आत १९२.१६८.१.१०, पोर्ट ५१०००. बाहेर पोर्ट ४०००१.
दुसरी ओळ : आत १९२.१६८.१.११, पोर्ट ५१०००. बाहेर पोर्ट ४०००२.

मग तो आईच्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून २०३.०.११३.५ आणि पोर्ट ४०००१ असे लिहितो. मुलीच्या पाकिटावर तोच पत्ता, पण पोर्ट ४०००२. पाकिटावर चुका ओळखण्यासाठी एक तपासणी-बेरीज असते. पत्ता बदलला की तीही नव्याने करावी लागते. सर्व्हरला वाटते, एकाच संगणकाने दोन पाने मागितली आहेत. तो दोन्ही उत्तरे २०३.०.११३.५ कडे पाठवतो. एक पोर्ट ४०००१ वर, एक ४०००२ वर. राऊटर वही उघडतो, ४०००१ समोर आईच्या मोबाइलचा आतला पत्ता पाहतो, तो पाकिटावर लिहितो आणि पाकीट आत सोडतो. आईला किंवा मुलीला मध्ये काही घडले याचा पत्ताही लागत नाही.

एका सार्वजनिक पत्त्यावर अशी किती घरे भागतील? विद्यार्थ्यांना हे गणित घालता येईल. पोर्ट ६५,५३६. त्यांतील पहिले १,०२४ ठरावीक कामांसाठी वगळले, तर ६४,५१२ उरतात. समजा, प्रत्येक मोबाइल एका वेळी १०० संभाषणे चालवतो. मग सुमारे ६४५ मोबाइल एका पत्त्यावर नांदतील. पलीकडचा सर्व्हर वेगळा असेल तर तोच पोर्ट पुन्हा वापरता येतो, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक मावतात. पण वहीची पाने अनंत नाहीत हे ध्यानात ठेवावे.

ही वही लवकरच घरोघरी आली. लिनक्स वापरणारे हौशी लोक एक संगणक मध्ये ठेवून त्याच्याकडून हे काम करून घेत. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय तयार मिळू लागली. पुढे राऊटरच्या पेटीत ती इतकी मुरली की तिचे वेगळे नाव घेण्याचीही गरज उरली नाही. मूळ टिपणात हा उपाय तात्पुरता म्हणून मांडला होता, कायमचा तोडगा निघेपर्यंत वेळ काढण्यासाठी. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो हटलेला नाही.

पहिली ओळ कोण लिहितो?

आता या व्यवस्थेच्या मर्माकडे येऊ. वहीत ओळ केव्हा लिहिली जाते? आतून पाकीट बाहेर जाते तेव्हा. बाहेरून एखादे पाकीट आपणहून आले आणि त्याच्या पोर्टसमोर वहीत काहीच नसले, तर ते कोणाला द्यायचे हे राऊटरला ठाऊक नसते. तो ते टाकून देतो. पी. पी. फोनवर निदान नाव सांगून बोलावता येई. येथे तीही सोय नाही, कारण आतल्यांची नावे बाहेर कोणाला माहीतच नसतात.

याचा एक फायदा आहे. बाहेरून उगाच दारे ठोठावत फिरणाऱ्या यंत्रांना आतले संगणक दिसत नाहीत. पण म्हणून वहीला कुलूप समजू नये. आपणच एखादी विषारी फाईल उघडली, तर ती आतून बाहेर पाकीट पाठवते आणि वहीत तिची ओळ रीतसर लिहिली जाते. दार आतून उघडणाऱ्याला वही अडवत नाही.

तोटा मात्र फार खोल आहे. इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती की जोडलेला प्रत्येक संगणक समान आहे. प्रत्येकाने विचारावे आणि प्रत्येकाला विचारता यावे. मधल्या यंत्रांनी पाकीट फक्त पोहोचवावे, त्यावरचे काही बदलू नये. वहीने हे समीकरण मोडले. वहीमागचा संगणक विचारू शकतो, त्याला विचारता येत नाही. समजा, अकरावीतल्या एखाद्या विद्यार्थिनीने परसात पर्जन्यमापक बसवला, त्याच्या नोंदी घरच्या संगणकावर ठेवल्या आणि तालुक्यातल्या इतर शाळांनी त्या थेट पाहाव्यात असे तिला वाटले. तिचा संगणक सर्व्हर होण्यास पूर्ण समर्थ आहे. अडतो तो पत्त्यावाचून. मग त्या नोंदी ती कोणा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवते. आज जगाचा बहुतेक मजकूर थोड्या मोठ्या सर्व्हरांवर एकवटला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण घरच्या संगणकाला पत्ता नसणे हे त्यांतील एक आहे.

यातून वाटा काढल्या गेल्या. राऊटरच्या वहीत आपण स्वतः एक कायमची ओळ लिहून ठेवू शकतो, ‘अमुक पोर्टवर जे येईल ते या संगणकाला द्यावे.’ दुसरी वाट अधिक चतुर आहे. दोन घरांतले मोबाइल एकमेकांशी दृक्-संवाद करतात तेव्हा दोन्हींकडे वही असते. दोघेही आधी एका तिसऱ्या, सार्वजनिक पत्त्याच्या सर्व्हरला विचारतात, ‘तुला माझा पत्ता आणि पोर्ट काय दिसतो?’ त्याचे उत्तर ते त्या सर्व्हरमार्फत एकमेकांना कळवतात. मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांकडे पाकीट सोडतात. पाकीट बाहेर जाताना प्रत्येकाच्या वहीत ओळ तयार होते आणि समोरून येणाऱ्याला वाट मिळते. काही राऊटर प्रत्येक नव्या संवादासाठी नवा पोर्ट देतात, तेथे ही युक्ती फसते आणि सारा संवाद तिसऱ्या सर्व्हरमधून न्यावा लागतो.

ओळी कायम राहत नाहीत हीही एक अडचण. संभाषण थांबले की काही वेळाने राऊटर ती ओळ पुसतो, नाहीतर वही भरून जाईल. हा वेळ निदान किती असावा याबद्दल २००७ आणि २००८ मध्ये शिफारशी झाल्या. यूडीपी या प्रकारच्या पाकिटांसाठी २ मिनिटे, तर टीसीपी या प्रकारच्या जुळलेल्या संभाषणासाठी २ तास ४ मिनिटे. त्यामुळे निरोप येण्याची वाट पाहणाऱ्या मोबाइलला, सांगण्यासारखे काही नसतानाही, मधूनमधून एखादे रिकामे पाकीट पाठवून आपली ओळ जिवंत ठेवावी लागते.

वहीवर वही

३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठाही संपत आला आणि शिल्लक राहिलेले पत्ते मोजून-मापून देणे सुरू झाले. आता सेवा देणाऱ्या कंपन्यांकडेच प्रत्येक घराला एक पत्ता देण्याइतके पत्ते उरले नाहीत. त्यांनी तीच युक्ती एक पायरी वर नेली. घराच्या राऊटरलाच खासगी पत्ता द्यायचा आणि शेकडो घरांमागे कंपनीच्या यंत्रात एक मोठी वही ठेवायची. या मधल्या पायरीसाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते वेगळे काढण्यात आले.

पूर्वी वही निदान आपल्या घरात होती. पर्जन्यमापकवाली विद्यार्थिनी तीत स्वतः एक ओळ लिहू शकत होती. आता मोठी वही कंपनीच्या ताब्यात आहे. घरच्या वहीत काहीही लिहिले, तरी बाहेरून येणारे पाकीट मोठ्या वहीपाशीच अडते.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

आता त्या शाळेकडे परत येऊ. संकेतस्थळ चालवणाऱ्याने एक नियम घातला होता. एका पत्त्यावरून ठरावीक वेळांपेक्षा अधिक प्रयत्न झाले तर तो पत्ता अडवायचा. खोडसाळ यंत्रांपासून रक्षण व्हावे हा हेतू चांगला होता. पण नियमामागचे गृहीत होते, ‘एक पत्ता म्हणजे एक संगणक, एक संगणक म्हणजे एक माणूस.’ वहीने हे गृहीत केव्हाच खोटे ठरवले आहे.

ही चूक मोठ्यांकडूनही होते. २००७ च्या आरंभी इंग्रजी विकिपीडियावर कोणीतरी खोडसाळपणा करत होते, म्हणून एक पत्ता अडवण्यात आला. तो पत्ता कतार या देशातल्या जवळजवळ सर्व वापरकर्त्यांचा सामाईक पत्ता होता. त्यामुळे खाते नसलेल्या साऱ्या देशवासीयांचे लिहिणे काही तास बंद झाले. तेथे आपल्या वहीऐवजी वेगळ्या प्रकारचे मध्यस्थ यंत्र होते, पण परिणाम तोच झाला.

याउलट बाजूही खरी आहे. खरोखरच गुन्हा घडला तर नुसत्या पत्त्यावरून गुन्हेगार सापडत नाही. मागाहून शोध घ्यायचा, तर पत्ता, पोर्ट आणि अचूक वेळ ही तिन्ही हवीत, शिवाय त्या वेळची वही कोणीतरी जपून ठेवलेली हवी. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोल या युरोपातील पोलिस संस्थेने कंपन्यांच्या मोठ्या वह्यांबद्दल उघड चिंता व्यक्त केली, ती याच कारणाने. म्हणजे या व्यवस्थेत निरपराध अडकू शकतो आणि अपराधी निसटू शकतो. ‘या पत्त्यावरून झाले’ हे वाक्य पुरावा म्हणून कानावर आले की शिक्षकाने आणि नागरिकाने विचारले पाहिजे : त्या पत्त्यामागे किती जण होते?

कायमचा तोडगा

तो तोडगा कागदावर १९९५ पासून आहे. नव्या पद्धतीत पत्ता ३२ ऐवजी १२८ बिटांचा असतो. एकूण पत्ते सुमारे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात. घरच्या एका जाळ्याला साधारणपणे जो गट देतात त्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात, म्हणजे जुन्या इंटरनेटच्या एकूण पत्त्यांच्या संख्येचा वर्ग! मोबाइल, दिवा, पर्जन्यमापक, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो आणि वहीची गरज उरत नाही. ६ जून २०१२ रोजी अनेक मोठ्या संकेतस्थळांनी ही पद्धत कायमची स्वीकारली. भारतात, विशेषतः मोबाइलवर, तिचा प्रसार चांगला झाला असून या बाबतीत आपला देश जगात आघाडीवर आहे.

मग अजून वही का? कारण जुना आणि नवा पत्ता असलेली यंत्रे एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. फक्त जुनाच पत्ता असलेली संकेतस्थळे आणि यंत्रे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर मध्ये दुभाषा लागतो आणि त्या दुभाष्याजवळ पुन्हा एक वही असते. नव्या पद्धतीत आतली यंत्रे बाहेरून दिसू लागतात, म्हणून दारावर खरीखुरी राखण ठेवावी लागते हेही विसरू नये.

वर्गात करून पाहा

मोबाइल शाळेच्या किंवा घरच्या वाय-फायला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये आपला पत्ता पाहावा. मग आपला बाहेरचा पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडून तेथील आकडे पाहावेत. दुसऱ्या मोबाइलवर तेच करावे. आतले पत्ते वेगळे आणि बाहेरचा एकच, असे दिसेल. नव्या पद्धतीचा लांबलचक पत्ता दिसला, तर प्रत्येकाचा वेगळा का, याची चर्चा करावी.

दुसरा प्रयोग चिठ्ठ्यांचा. दहा मुले वर्गात बसतील, प्रत्येकाला १ ते १० यांपैकी एक क्रमांक. एक जण दारवान, त्याच्याजवळ वही. एक जण वर्गाबाहेर सर्व्हर. मुले चिठ्ठीवर आपला क्रमांक आणि एक प्रश्न लिहून दारवानाला देतील. दारवान क्रमांक खोडून वर्गाचे नाव व नवा क्रमांक लिहील, वहीत नोंद करील आणि चिठ्ठी बाहेर देईल. उत्तर आले की वही पाहून ते योग्य मुलाला देईल. खेळ रंगात आला की दारवानाकडची वही काढून घ्यावी. काय होते? मग सर्व्हरला न विचारता एक चिठ्ठी आत पाठवायला सांगावी. ती कोणाकडे जाते? शेवटी सर्व्हरला विचारावे, ‘सर्वांत जास्त प्रश्न कोणी विचारले?’ तो सांगू शकतो का?

त्या दिवशी आम्ही हाच खेळ त्या संगणक कक्षात मांडला. आधी सरांच्या मोबाइलची जोडणी एका संगणकाला देऊन उरलेल्या मुलांचे अर्ज एकामागून एक भरून घेतले. त्या जोडणीचा बाहेरचा पत्ता वेगळा असल्याने अडचण आली नाही. मग खेळ सुरू झाला. दारवान म्हणून सरांनी त्याच मुलाला बोलावले आणि खडू त्याच्या हाती दिला. दहा मिनिटांनी सर्व्हर झालेल्या मुलीला आम्ही शेवटचा प्रश्न विचारला. ती चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहत राहिली आणि म्हणाली, ‘सगळ्यांवर वर्गाचेच नाव आहे. मला कसे कळणार?’

सरांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्यांना वेगळे काही सांगावे लागले नाही.